निर्गुडी, मोडशी आणि निजामशहाचा पाहुणा वैद्य

उत्तर अमेरिकेत नदीकाठी आणि रस्त्याच्या कडेला सर्रास उगवणाऱ्या एका मेपल झाडाचे शास्त्रीय नाव ‘एसर नेगुंडो’ असे आहे. एसर म्हणजे लॅटिनमध्ये मेपल. पण नेगुंडो हा शब्द ना लॅटिन, ना इंग्रजी. तो आपल्या शेताच्या बांधावरच्या निर्गुडीचा आहे. या मेपलची पाने इतर मेपलसारखी एकसंध नसून निर्गुडीसारखी वेगवेगळ्या पर्णिकांची असतात, म्हणून त्याला हे नाव मिळाले. खुद्द निर्गुडीचे शास्त्रीय नाव ‘व्हायटेक्स नेगुंडो’. दोन्ही नावे १७५३ मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनियसने आपल्या ग्रंथात छापली.

लिनियसने भारतात कधी पाऊलही ठेवले नव्हते. मग निर्गुडी उप्साला विद्यापीठापर्यंत पोहोचली कशी? या प्रवासाच्या सुरुवातीला एक पोर्तुगीज डॉक्टर भेटतो. तो गोव्यात राहत होता आणि अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशाही दरबारात त्याची ये-जा होती. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. त्याने लिहून ठेवलेल्या गोष्टींत आजही उपयोगी पडेल असे बरेच आहे आणि करू नये असेही बरेच आहे. ते कसे निवडायचे, हा प्रश्न साडेचारशे वर्षांनंतरही आपल्यासमोर आहे.

सीनाकाठचा दरबार

मलिक अहमद निजामशहाने १४९४ मध्ये सीना नदीजवळ अहमदनगर वसवायला घेतले. त्याच्यामागे १५१० मध्ये त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आला, तेव्हा तो अवघा सात वर्षांचा होता. पुढे १५५३ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, त्याने राज्य केले. या काळात इराण, अरबस्तान आणि तुर्कस्तानातून विद्वान, कारागीर आणि हकीम नगरला येत राहिले. विजापूरला असलेली प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९ मध्ये नगरलाच ओतली गेली. ती ओतणारा मुहंमद रूमी खानही बाहेरून आलेलाच होता. रुस्तम जुर्जानी नावाच्या हकिमाने याच दरबाराच्या आश्रयाने ‘जखीरा-ए-निजामशाही’ हा फारसी वैद्यकग्रंथ लिहिला.

निजामशाहीचे समुद्राकडचे दार म्हणजे चौल. तिथे पोर्तुगिजांनी १५२१ च्या सुमारास ठाणे उभारले होते. त्यामुळे नगर आणि गोवा यांच्यात कधी तह, कधी लढाई आणि कायम व्यापार असे नाते होते. याच नात्यातून ओर्ता नगरच्या दरबारात पोहोचला.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिद या गावी झाला. आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये त्यांना सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले. सालामांका आणि अल्काला या स्पेनमधल्या विद्यापीठांत ओर्ता वैद्यक शिकला, लिस्बनला त्याने शिकवले आणि १५३४ च्या मार्चमध्ये मार्टिम आफोंसो द सोझा या दर्यासारंगाचा वैद्य म्हणून तो जहाजात चढला. सप्टेंबरमध्ये गोव्यात उतरला आणि पुढची ३४ वर्षे, मरेपर्यंत, तो इथेच राहिला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. तिथल्या आपल्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि नाताळच्या सुमारास, फळ येते, असे त्याने कौतुकाने नोंदवले आहे.

एकाच ग्रंथाची दोन रूपे

बुऱ्हाण निजामशहाला ओर्ता आपला रुग्ण म्हणतो, तसाच मित्रही म्हणतो. राजाने त्याला वर्षातले काही महिने नगरला येऊन राहण्यासाठी मोठे वर्षासन देऊ केले होते. ते त्याने स्वीकारले नाही, पण भेटी चालू ठेवल्या. या भेटींबद्दल त्याने सांगितलेली सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट पैशांची नाही. राजाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली, आणि त्याने राजाला तीच नावे लॅटिनमध्ये शिकवली. राजाला याचा फार आनंद वाटे.

वरवर पाहता ही दरबारी करमणूक वाटेल, पण त्यामागे त्या काळच्या वैद्यकातली एक मोठी अडचण होती. युरोपच्या विद्यापीठांत आणि निजामशाहीतल्या हकिमांच्या परंपरेत, दोन्हीकडे, वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ एकच होता: इब्न सीनाचा ‘कानून’. फरक एवढाच की हकीम तो मूळ अरबीत वाचत आणि युरोपीय विद्यार्थी लॅटिन भाषांतरात. भाषांतर करणाऱ्यांनी अनेक औषधे डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती. परिणामी नावे बिघडली, एका वनस्पतीचे गुण दुसरीला चिकटले. डॉक्टरने लिहून दिलेले औषध आणि दुकानदाराने काढून दिलेले औषध एकच असेल, याची खात्री उरली नाही.

चुकीचे नाव म्हणजे चुकीचे औषध. ओर्ताला हे कळले होते आणि त्यावर उपाय करायला तो योग्य ठिकाणी बसला होता. बाजारात वनस्पती मिळत होत्या, अरबी जाणणारे हकीम होते आणि स्थानिक वैद्यही होते.

त्यातून १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्याचे पुस्तक छापून झाले: भारतातल्या औषधी आणि द्रव्यांविषयीचे संवाद. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. पुस्तक लॅटिनमध्ये नसून पोर्तुगीजमध्ये आहे आणि त्याची मांडणी गप्पांची आहे. ओर्ता स्वतः एका बाजूला, तर दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर. रुआनो नुकताच युरोपातून आला आहे आणि प्रत्येक गोष्टीला ग्रीक-रोमन ग्रंथांचा आधार मागतो. ओर्ता त्याला वनस्पती दाखवतो, चाखायला देतो आणि ग्रंथात काहीही लिहिलेले असो, आपण डोळ्यांनी पाहिलेलेच खरे धरतो. मध्येमध्ये अंतोनिया नावाची दासी हवी ती पाने, फळे घेऊन येते. मालुपा नावाच्या एका हिंदू वैद्याचाही उल्लेख येतो.

ओर्ता स्थानिक उपचारांकडे तुच्छतेने पाहत नव्हता. रक्तीआवेवर युरोपीय औषधांचा गुण येत नसेल, तर तो इथल्या वैद्यांच्या औषधाकडे वळे. त्याने वर्णन केलेले एक झाड अभ्यासकांच्या मते आपला पांढरा कुडा असावे. कुड्याच्या सालीतले कोनेसीन हे द्रव्य आवेच्या अमिबाला मारक ठरते, हे पुढे रसायनशास्त्राने दाखवले.

मोडशी

पुस्तकातल्या सतराव्या संवादात एका भयंकर रोगाचे वर्णन आहे. रोग्याला उलट्या आणि जुलाब सुरू होतात. नाडी क्षीण होत जाते. अंग थंड पडते, तरी आत जळजळ आणि तीव्र तहान. डोळे खोल जातात. झोप लागत नाही. पायात गोळे येतात. रोगी अनेकदा चोवीस तासांच्या आत दगावतो. जून-जुलैमध्ये हा रोग अधिक जोर करतो. ही लक्षणे आजच्या कॉलऱ्याशी तंतोतंत जुळतात. या रोगाचे युरोपीय डॉक्टरने लिहून छापलेले हे अगदी सुरुवातीचे वर्णन आहे.

इथले लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही त्याचे ‘मोर्देशी’ केले आहे, असे ओर्ता सांगतो. मराठी वाचकाला हा शब्द ओळखायला वेळ लागणार नाही. ही आपली मोडशी. आज मोडशी म्हणजे अपचनाने बिघडलेले पोट, पण एके काळी हाच शब्द जीवघेण्या रोगालाही वापरत. माणूस मोडून पडतो, म्हणून मोडशी. फ्रेंचांच्या कानावर ‘मोर्देशी’ पडले तेव्हा त्यांनी त्यात आपले शब्द ऐकले, ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण! जुन्या युरोपीय प्रवासवर्णनांत कॉलऱ्यासाठी हे नाव वारंवार येते आणि त्याचे मूळ मराठी-कोकणीत आहे.

गास्पार कोरेया या पोर्तुगीज इतिहासकाराने १५४३ मध्ये गोव्यात आलेल्या अशाच साथीची हकिगत दिली आहे. माणसे इतक्या झपाट्याने मरत होती की गव्हर्नरने एका मृतदेहाचे विच्छेदन करायला लावले. आक्रसलेल्या जठरापलीकडे फारसे काही सापडले नाही. सापडणार तरी काय? रोगाचे कारण पाण्यात होते आणि ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागणार होता. फिलिप्पो पाचिनीने ते जंतू १८५४ मध्ये पाहिले. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यात ते वेगळे करून दाखवले. या जंतूंचे विष आतड्याला पाणी सोडायला कसे भाग पाडते, हे कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले.

पेजेचे विज्ञान

या रोगावर इथले वैद्य काय करतात, याची यादीच ओर्ता देतो. रोग्याला मिरी आणि जिरे घातलेले तांदळाचे पाणी, म्हणजे कांजी, पाजतात. पायांना डागण्या देतात. डोळ्यांत पिंपळी घालतात. गोळे येऊ नयेत म्हणून हातपाय पट्ट्यांनी करकचून बांधतात. खायला विडा देतात.

ही यादी आजच्या डॉक्टरच्या हाती दिली तर तो एका ओळीखाली खूण करील आणि बाकीच्यांवर काट मारील. डागण्यांनी जखमा होतात. डोळ्यांत तिखट घालणे हा निव्वळ छळ आहे. पण तांदळाचे पाणी?

कॉलऱ्यात रोगी जंतूंमुळे थेट मरत नाही, तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने मरतो. तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. नुसते पाणी पाजून भागत नाही, कारण आतडे ते पुरेसे शोषत नाही. मात्र आतड्याच्या पेशींना एक असे दार आहे, जे कॉलऱ्याच्या विषालाही बंद करता येत नाही. त्या दारातून मिठातला सोडियम आणि ग्लुकोज हे दोघे हातात हात घालून आत जातात आणि त्यांच्यामागून पाणीही ओढले जाते. हे दार १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांच्या नीट लक्षात आले. तांदळातला स्टार्च पचून त्याचे ग्लुकोजच होते. म्हणजे पेजेत मीठ पडले की हे दार उघडण्याची किल्ली तयार.

याचा सर्वांत मोठा पुरावा १९७१ मध्ये मिळाला. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी सीमेवरच्या बनगावमध्ये लाखो निर्वासित आले आणि कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते रुग्णांना नातेवाइकांच्या हातूनच पाजायला लावले. शंभरातले तीस दगावत होते तिथे मृत्यूचे प्रमाण चारच्याही खाली आले. हीच ती जलसंजीवनी. पुढे ढाक्यातल्या संशोधन केंद्रात ग्लुकोजऐवजी तांदळाचे पीठ वापरून चाचण्या झाल्या. कॉलऱ्याच्या रुग्णांत तांदळाच्या जलसंजीवनीने जुलाबांचे प्रमाण कमी होते, असे त्यांतून दिसले.

म्हणून सोळाव्या शतकातल्या वैद्यांना जलसंजीवनी माहीत होती असे म्हणायचे का? नाही. त्या कांजीत मिठाचा उल्लेख नाही, किती पाजायची याचे माप नाही आणि तिच्याबरोबर डागण्याही होत्या. पण रोग्याला तहान लागली असता त्याला पातळ पेज पाजावी, एवढे त्यांच्या अनुभवाला कळले होते. याउलट एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश डॉक्टर कॉलऱ्याच्या रुग्णाचे रक्त काढत आणि त्याला पाऱ्याचे जुलाबाचे औषध देत. पाण्यावाचून कोरड्या पडलेल्या माणसाला यापेक्षा घातक उपचार शोधून सापडला नसता.

नगरकरांना पाण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव अशा आसपासच्या गावांतून खापरी नळांनी शहरात पाणी आणले होते. झाकलेल्या नळातून येणारे पाणी उघड्या ओढ्यापेक्षा सुरक्षित. पण नळ फुटला आणि त्यात सांडपाणी मिसळले, तर तोच नळ घरोघरी रोग पोहोचवतो. हा धडा आजच्या जलवाहिन्यांनाही तितकाच लागू आहे.

पुस्तक वाचले, लेखक जाळला

ओर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, १५६० मध्येच सुरू झाले होते. त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरात त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. पुढे १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली गेली. निजामशहाच्या दरबारात मोकळेपणाने बोलणारा हा माणूस स्वतःच्या राज्यात आयुष्यभर काय लपवत होता, हे त्यातून जगाला कळले.

पण पुस्तक तोवर निसटले होते. फ्लँडर्सचा वनस्पतीशास्त्रज्ञ क्लुसियस याला १५६४ मध्ये लिस्बनला एक प्रत मिळाली. त्याने गप्पा गाळून, मजकूर आटोपशीर करून १५६७ मध्ये अँटवर्पमध्ये लॅटिन संक्षेप छापला. लॅटिन ही तेव्हा साऱ्या युरोपच्या विद्वानांची भाषा. म्हणून पुढची दीडशे वर्षे लोक वाचत राहिले ते मुख्यतः हे लॅटिन रूप. त्यात औषधे राहिली, अंतोनिया मात्र गळाली. वनस्पती हातात आणून देणारी बाई विज्ञानाच्या नोंदीतून पुसली गेली.

निर्गुडीवर ओर्ताने वेगळा संवादच लिहिला आहे. ‘नेगुंडो किंवा संबाली’ असे त्याचे शीर्षक. संबाली म्हणजे हिंदी-दखनीतला संभालू. पाने शिजवून, वाटून दुखऱ्या आणि सुजलेल्या भागावर बांधतात, असे त्याने लिहिले आहे. आपल्याकडे आजीबाई आजही तेच करतात.

पुढची मोठी कडी केरळची. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅममध्ये छापून घेतला. त्यात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे देवनागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापले आहे. ओर्ताच्या पुस्तकात स्थानिक वैद्य बहुतेक निनावी राहिले होते. इथे निदान काहींची नावे तरी टिकली.

उप्सालाचा नामकरणकार

स्वीडन त्या काळात मोठ्या पराभवातून सावरत होता. रशियाशी झालेले दीर्घ युद्ध १७२१ मध्ये संपले तेव्हा बाल्टिकपलीकडचे बरेच साम्राज्य हातचे गेले होते. देश लहान झाला, तिजोरी आटली. तलवारीने गेलेले व्यापाराने आणि विद्येने भरून काढावे, असा विचार जोर धरू लागला. गोथेनबर्ग बंदरात १७३१ मध्ये स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. या वातावरणात कार्ल लिनियस वाढला. स्मोलांड या गरीब प्रांतात १७०७ मध्ये जन्मलेला हा धर्मगुरूचा मुलगा १७४१ मध्ये उप्साला विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक झाला. चहासारख्या परदेशी वनस्पती स्वीडनच्या थंडीत रुजवाव्यात आणि देशाची चांदी वाचवावी, असे त्याचे स्वप्न होते. थंडीने ते पुरे होऊ दिले नाही.

त्याने आपले विद्यार्थी आणि स्नेही जगभर पाठवले. जहाजावरचा धर्मगुरू ओलोफ तोरेन १७५० ते १७५२ या काळात स्वीडिश कंपनीच्या जहाजातून सुरतेला आणि चीनला जाऊन आला. त्याची पत्रे लिनियसलाच लिहिलेली आहेत. तोरेन १७५३ मध्ये वारला. पावसाळ्यात कुंड्यांतून फुलणाऱ्या टोरेनियाच्या निळ्या-जांभळ्या फुलांना त्याचे नाव आहे. पेर फोर्सकोल हा तरुण १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने गेला. वनस्पतींच्या नावांची ही यादी अशी माणसांच्या जिवावर वाढली.

लिनियसचे खरे काम नावांना शिस्त लावण्याचे. त्याच्याआधी एका वनस्पतीचे नाव म्हणजे लॅटिनमधले लांबलचक वर्णन असे. लिनियसने प्रत्येकीला दोनच शब्द दिले: कुळनाव आणि स्वतःचे नाव. आडनाव आणि नाव असावे तसे. ‘व्हायटेक्स नेगुंडो’ म्हटले की नगरचा शेतकरी, ढाक्याचा औषधनिर्माता आणि स्वीडनचा विद्यार्थी एकाच झुडपाबद्दल बोलतात. निजामशहा आणि ओर्ता दोन भाषांतली नावे जुळवत होते ती अडचण अशी सुटली. कुळनावे ग्रीक किंवा लॅटिनच असावीत असा लिनियसचा आग्रह होता. तरी आपला धोत्रा ‘दातुरा’ म्हणून त्याच्या यादीत शिरलाच.

नावांच्या बाबतीत फसगतही होऊ शकते. कोकम ज्या कुळातले आहे त्याला लिनियसने ‘गार्सिनिया’ म्हटले. ते गार्सिया द ओर्ताच्या आठवणीसाठी असावे असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते लोराँ गार्सँ या दुसऱ्याच वैद्य-निसर्गतज्ज्ञाच्या नावावरून आले आहे.

आणि नाव अचूक देणाऱ्याचे निदान अचूक असते, असेही नाही. लिनियसने १७३५ मध्ये हॉलंडमध्ये वैद्यकाची पदवी मिळवली ती हिवतापावरच्या प्रबंधासाठी. पिण्याच्या पाण्यातले चिकणमातीचे कण रक्तात जाऊन अडकतात आणि ताप येतो, असा त्याचा सिद्धांत होता. तो साफ चुकीचा निघाला. हिवतापाचे परजीवी डासांतून येतात हे कळायला १८९० चे दशक उजाडावे लागले. ज्या झाडाच्या सालीपासून हिवतापावरचे क्विनीन मिळते त्याला ‘सिंकोना’ हे नाव मात्र लिनियसनेच दिले.

बांधावरची निर्गुडी आज

मुळा, प्रवरा, सीना या नद्यांच्या काठी आणि शेतांच्या बांधांवर निर्गुडी आजही भरपूर दिसते. जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणाला चालते. धान्याला कीड लागू नये म्हणून कणगीत तिचा पाला घालण्याची रीत आहे. नैसर्गिक शेती करणाऱ्यांच्या दशपर्णी अर्कातही ती असते. दुखऱ्या सांध्यावर गरम केलेला पाला बांधणे तर घरोघरी ठाऊक आहे.

प्रयोगशाळेत प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत निर्गुडीच्या अर्काने सूज आणि वेदना कमी झाल्याचे दिसले आहे. माणसांवरचे अभ्यास मात्र थोडे आणि छोटे आहेत. त्यामुळे वैद्यकीय सल्ला काय असावा हे स्पष्ट आहे. बाहेरून शेक देण्याला हरकत नाही, पण पाला फार गरम नको आणि उघड्या जखमेवर नको. काढा करून पोटात घ्यायचा असेल तर जाणकार वैद्याला विचारल्याशिवाय नाही. गरोदर स्त्रियांनी तर नाहीच. सांधा लाल होऊन सुजला असेल, ताप असेल किंवा दुखणे आठवडाभर हटत नसेल, तर पाला बांधून वाट पाहू नये.

मोडशीबद्दल मात्र पुरावा भक्कम आहे. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. तयार पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. चिमूटभर मीठ घातलेली पातळ पेजही चालते. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तोडू नये. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकही द्यावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली, गुंगी आली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर तडक दवाखाना गाठावा.

ओर्ताच्या यादीतली पेज टिकली आणि डागण्या गेल्या. दोन्ही एकाच परंपरेतल्या, एकाच वैद्याच्या हातच्या. पेज परदेशी पुस्तकात छापली गेली म्हणून टिकलेली नाही आणि ती प्राचीन आहे म्हणूनही नाही. ती तपासून पाहिली आणि माणसे वाचली, म्हणून टिकली. लिनियसचे नामकरण टिकले आणि त्याचा मातीचा सिद्धांत गेला, तेही याच न्यायाने. बांधावरच्या निर्गुडीची अशी परीक्षा अजून पुरी व्हायची आहे.